तारेतली लाईटबिले



मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. जावयांचा छोटासा धंदा होता, तो बसला. कर्जाचे आकडे डोक्यावरून गेले आहेत आणि वकिलाकडे जायची भाषा चालू आहे. रडत नव्हती, पण आवाज कोरडा झाला होता. म्हणाली, "मावशी, हातात अठरा हजार आहेत. बँकेचा हप्ता आहे, दिरांची उसनवारी आहे, तीन महिन्यांचं लाईटबिल थकलंय. आधी काय भरू?"

तिने हे मलाच का विचारले ते मला कळले. आमच्या घरात दिवाळे निघाले होते हे नात्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त माझ्यासमोर कोणी तो शब्द काढत नाही. या ब्लॉगवर मी पर्वाचे उपवास लिहिले, सासूबाईंचे आजारपण लिहिले, अगदी पापडखाराचे प्रमाणसुद्धा लिहिले, पण हे कधी लिहिले नाही. तिला विचारूनच आज लिहिते आहे.

आमचे कापडाचे दुकान सांगलीच्या कापडपेठेत होते. मामंजींनी थाटलेले, जागा भाड्याची. गावभागातले घर भावाभावांच्या वाटणीत विकले गेले, तेव्हापासून आम्ही विश्रामबागेत एका काकूंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. दहा वर्षे झाली होती. खाली काकू एकट्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा बंगळुरूला. पाणीपट्टी-घरपट्टी त्या भरायच्या आणि ती भाड्यातच धरलेली. वरच्या मजल्याला वेगळे मीटर होते, त्याचे बिल आम्ही भरायचो. पण मीटर काकूंच्या यजमानांच्या नावावर. ते वारल्यावर नाव बदलायचे राहून गेले होते. अशी कितीतरी घरे असतील, बघा आपापल्या बिलावर.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुरात आमच्या दुकानात जिथपर्यंत पाणी आले होते त्या खुणेवर विसंबून ह्यांनी माल वरच्या फळ्यांवर रचला होता. पाणी त्या फळ्यांच्याही वर गेले. आठ दिवसांनी शटर उघडले तेव्हा साड्यांचे गठ्ठे चिखलाने एकमेकांना चिकटलेले. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मग नवीन माल उधारीवर उचलला, लग्नसराईवर भिस्त ठेवली, आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या लग्नांचे काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. श्रावणात आमचे शटर पडले ते पडलेच.

हे सगळे मला माहीत होते. जे माहीत नव्हते ते बिलांचे.

मी १९८० ची बी.कॉम. लग्न झाले तेव्हा मामंजींनी दुकानाची कीर्द-खतावणी दोन वर्षे मला लिहायला दिली होती. नंतर मुले झाली आणि वह्या ह्यांच्याकडे गेल्या. घरातली बिले मात्र मी तारेत लावायची. तुम्हाला आठवत असेल, दुकानात वाकवलेली लोखंडी तार असते, तिच्यात पावत्या ओवतात. तशी एक स्वयंपाकघराच्या दाराआड होती. बिल आले की तारेत, भरले की त्यावर तारीख. टाळेबंदीत तारेत बिले येणे बंद झाले. मला वाटले, रीडिंगवालेच फिरत नाहीत, बिल कुठून येणार? एप्रिल-मेमध्ये खरेच रीडिंग बंद होते, सरासरीची बिले निघत होती आणि जूनमध्ये तीन महिन्यांचे एकदम आले तेव्हा घरोघरी बोंब झाली होती. त्या गडबडीत ह्यांनी मला सांगितले, "मोबाईलवर येतं आता बिल, मी बघतो." मी बरे म्हटले. बरे म्हणणे किती सोयीचे असते!

१८ फेब्रुवारी २०२१, दुपारचे चार. काकू जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे त्या वर्षातून एकदा, संक्रांतीला वाण द्यायला वर यायच्या. दारात कठड्याला धरून उभ्या राहिल्या, थोडा दम घेतला आणि हातातला कागद पुढे केला. वीज तोडण्याची नोटीस होती. दहा महिन्यांची थकबाकी, १२,७४० रुपये. वर काकूंच्या यजमानांचे नाव.

काकू रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, ह्यांच्या नावाची नोटीस कधी आली नव्हती गं. वायरमननं खाली माझ्याच हातात दिली."

मी पाणी दिले. त्यांनी दोन घोट घेतले आणि खाली गेल्या. कठडा धरून, एकेक पायरी.

संध्याकाळी मी ह्यांना विचारले. हे भिंतीकडे बघत राहिले. मग कळले की मी लाईटबिलाचे म्हणून दर महिन्याला काढून देत होते ते पैसे एका खाजगी सावकाराच्या व्याजात जात होते. आणखी कळले की देण्यांची यादी अशी कुठे नाहीच. काही वहीत, काही चिठ्ठ्यांवर, काही ह्यांच्या डोक्यात. त्या रात्री सासूबाई झोपल्यावर मी मुलाची जुनी फुलस्केप वही काढली आणि म्हटले, "अहो, सांगा. मी लिहिते." दोन वाजेपर्यंत आम्ही लिहीत होतो. बेरीज एकोणीस लाखांच्या वर गेली. मला खोटे वाटेल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. उलट बेरीज मारल्यावर ह्यांना वर्षभरात पहिल्यांदा झोप लागली, हे मी स्वतः पाहिले. मी जागीच होते.

चार दिवसांनी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले त्यातले कामाचे तेवढे इथे लिहिते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना यातले काहीच माहीत नसते आणि माहीत नसल्यामुळे भीती दुप्पट होते.

दिवाळखोरीचा २०१६ चा जो नवा कायदा पेपरात वाचतो तो कंपन्यांना लागू झाला. आमच्यासारख्या स्वतःच्या नावाने दुकान चालवणाऱ्याला त्यातला माणसांचा भाग अजून लागू झालेला नाही. सांगलीसारख्या ठिकाणी अजून १९२० चा जुना नादारीचा कायदा चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. त्यात अर्ज करायला कर्ज किमान पाचशे रुपये हवे असे लिहिले आहे. आम्हाला त्या दिवशी हसू आले ते एवढ्याच वाक्याला. पाचशे रुपयांत १९२० साली माणूस नादार होत होता!

दुसरे, जप्ती आली तरी कुटुंबाचे नेसते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचा नसतो तो दागिनाही त्यात येतो. हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात आहे. आत्तापर्यंत मी रोज रात्री मंगळसूत्राकडे बघत होते. वकिलांनी ते वाक्य वाचून दाखवले तेव्हा मला त्या इंग्रज काळातल्या कायदेवाल्यांबद्दल थोडी माया वाटली.

तिसरे मात्र ह्यांना लागले. ह्यांचा विचार होता की अर्ज करण्याआधी निदान मेहुण्यांचे, म्हणजे माझ्या भावाचे, दोन लाख मालाची मोडतोड करून देऊन टाकावेत. वकील म्हणाले, असे करू नका. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एखाद्याच देणेकऱ्याला झुकते माप देऊन पैसे दिले तर कोर्ट तो व्यवहार रद्द ठरवू शकते. सगळ्यांना सारखे. मी विचारले, "मग लाईटबिल? तेही देणेच की." ते म्हणाले, जुनी थकबाकी यादीत लिहाच, पण घरात राहता आहात तोपर्यंतचे भाडे, वीज, गॅस, किराणा हा जगण्याचा खर्च आहे, तो थांबवायचा नाही. आणि तुमच्या बाबतीत मीटर तुमच्या नावावरही नाही. कंपनीच्या दृष्टीने थकबाकीदार काकूंचे यजमान आहेत. तुम्ही नादार झालात तर तुम्हाला आडोसा मिळेल, काकूंना नाही.

हे वाक्य मी घरी येताना रिक्षात मनात घोळवत होते.

नातेवाईक काय म्हणतात ते वेगळेच असते. एका भाच्याने सांगितले, "मामी, सोडून द्या, दोन वर्षं झाली की लाईटबिल आपोआप माफ होतं." २००३ च्या वीज कायद्यात ५६ वे कलम आहे, त्यात दोन वर्षांची मुदत आहे हे खरे. पण ती थकबाकी बिलात सतत दाखवली जात असेल तर मुदत संपत नाही, आणि कंपनी ती दर बिलात दाखवतेच. 'मागील थकबाकी' ही ओळ कशासाठी असते मग? त्याच कलमात असेही आहे की लेखी नोटीस देऊन पूर्ण पंधरा दिवस झाल्याशिवाय वीज तोडता येत नाही. म्हणजे आमच्याकडे पंधरा दिवस होते. शिवाय अशी थकबाकी नुसती माणसाच्या मागे लागत नाही, जागेलाही चिकटते. आम्ही घर सोडून गेलो असतो तर काकूंना किंवा पुढच्या भाडेकरूला ती भरल्याशिवाय जोडणी मिळताना अडचण आली असती. वीज कंपन्यांच्या नियमांत तशी तरतूद असेल तर ती चालते, असे पुढे मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटले.

आता घरातले भांडण लिहिते, नाहीतर हे सगळे वकिली वाटेल.

२०१९ च्या जानेवारीत, पुराच्या आधी, एका पंचकल्याणिक पूजेत ह्यांनी सवाल घेतला होता. एकवीस हजारांचा. दहा दिले होते, अकरा राहिले होते. हे म्हणाले, "लाईट काय, तोडू देत, मेणबत्तीत राहू. पण देवाचा पैसा राहिला आणि मी नादार म्हणून कोर्टात उभा राहिलो तर बस्तीत कुठल्या तोंडाने जाऊ?" मी चिडले. म्हटले, "देवासमोर बोललेला पैसा राहिला ते वाईटच. पण ही वीज आपण वापरून झाली आहे. त्या उजेडात जेवलो, आईंच्या गोळ्या शोधल्या, तुम्ही टीव्हीवर बातम्या बघितल्या. घेतले आणि दिले नाही, आणि बिल एका विधवेच्या नावावर ठेवले. अचौर्य व्रताच्या आपण गप्पा मारतो ना?" फार बोलले मी. हे काही न बोलता गच्चीवर निघून गेले.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि फळीवरचा तांदळाचा डबा दिसला. त्यात माझे सहा हजार होते. दशलक्षण व्रताचे माझे उपवास पूर्ण होऊन तीन वर्षे झाली होती, उद्यापन करायचे राहिले होते. भिशीतून, रद्दीतून, मुलीने दिवाळीला दिलेल्यातून साठवलेले. ह्यांना त्याची कल्पना नव्हती. काकू जिना चढून आल्या त्या दिवशीही ते तिथेच होते, वकिलांकडे गेलो त्या दिवशीही. मला ते आठवले नव्हते असे नाही. तो पैसा वेगळा, असे मी मनात धरून ठेवले होते. ह्यांचा सवाल आणि माझे उद्यापन यांत काय फरक होता? ह्यांनी निदान तोंडाने कबूल केले होते.

मी गच्चीवर गेले आणि डब्याचे सांगितले. अंधार पडला होता. हे बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, "मला उद्या बरोबर ने. एकटी जाऊ नकोस."

तेवढ्यात २ मार्चला अधिवेशनात वीज तोडण्याला स्थगिती मिळाल्याची बातमी आली. सोसायट्यांच्या ग्रुपवर आनंदीआनंद. ह्यांनीही म्हटले, "बघ, आता घाई नको, ते पैसे राहू देत." मोह मलाही झाला. पण स्थगिती वीज तोडण्याला होती, बिल कुठे माफ झाले होते? ४ तारखेला आम्ही दोघे वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. काकूंची सही घेऊन मी अर्ज लिहून नेला होता: मीटर अमुक नावावर, प्रत्यक्ष वापर आमचा, दुकान बंद पडले आहे, थकबाकी हप्त्यांत घ्यावी. काउंटरवरचा मुलगा माझ्या नातवाएवढा होता. अर्ज वाचून म्हणाला, "आजी, निम्मे तरी भरा आज." निम्मे म्हणजे ६,३७०. डब्यातले सहा हजार आणि पर्समधले तीनशे सत्तर. परत येताना रिक्षाला पैसे नव्हते, चालत आलो. उरलेले तीन हप्त्यांत, आणि चालू बिल वेळेवर भरायचे, अशी अट. १० तारखेला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, स्थगिती उठली.

पुढचे वर्षभर मी काय केले ते तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते.

दुकानाचे मीटर आधी बंद केले. शटर बंद आहे, एक दिवा लागत नाही, तर बिल कशाचे, असे आपल्याला वाटते. पण स्थिर आकार नावाची रक्कम मीटर चालू असेपर्यंत दर महिन्याला येतच राहते, आणि दुकानाचा दर घरापेक्षा जास्त. सहा महिने आम्ही अंधाराचे पैसे देणे लागत होतो! वीजपुरवठा कायमचा बंद करा असा लेखी अर्ज दिला, सुरक्षा ठेव शेवटच्या बिलात वळती झाली. हे पहिल्याच महिन्यात करायला हवे होते. फोनची लँडलाईन आणि त्यावरचे इंटरनेटही असेच बंद केले. मोबाईल प्रीपेड, त्यामुळे त्याचे देणे राहण्याचा प्रश्न नाही, पैसे संपले की तो आपला मुका होतो. हलाखीच्या दिवसांत प्रीपेडसारखी सज्जन वस्तू नाही.

घराच्या मीटरचे रीडिंग मी दर एक तारखेला आणि पंधरा तारखेला वहीत लिहू लागले. शंभर युनिटपर्यंत दर कमी, त्याच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला जवळजवळ दुप्पट. आमचे दीडशेच्या आसपास जायचे. पंधरा तारखेला पंचावन्न दिसले की गीझर बंद. गच्चीवर मामंजींच्या वेळचा तांब्याचा बंब पडून होता, तो चिंचेने घासून काढला. लाकडे आणि करवंट्या झाडून, किडा-मुंगी बघून मगच घालायच्या, त्याला वेळ लागतो, पण वेळच तर होता. सूर्यास्तापूर्वी जेवणे आपल्याकडे आहेच, त्यामुळे सातनंतर स्वयंपाकघर बंद, सगळे एका खोलीत, एक दिवा. एप्रिलमध्ये ब्याण्णव युनिट आले. मी ते बिल ह्यांना बी.कॉम.च्या निकालासारखे दाखवले.

बिलावर शेवटी दोन-तीन तारखा आणि रकमा असतात, त्या वाचत चला. लवकर भरले तर थोडी सूट, उशीर झाला की सव्वा टक्का जास्त. सव्वा टक्का ऐकायला काही नाही, पण दहा महिने साचले की कळतो.

गॅसचे मात्र मला जमले नाही. सासूबाईंचे उकळलेल्या पाण्याचे व्रत होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांना काय सांगणार की आई, आता सिलिंडर पन्नास दिवस चालवायचा आहे? पाणी दोन वेळा उकळत राहिले. मी भाज्या कुकरमध्ये एकावर एक लावल्या, डाळ भिजवून शिजवली, चहा एकदाच. तरी सिलिंडर छत्तीस दिवसांच्या पुढे गेला नाही. तो खर्च मी 'आईंचे पाणी' असा वेगळा लिहिला आणि त्याच्याकडे परत बघितले नाही.

काकूंना मी पहिला हप्ता भरल्यावर पावतीची प्रत नेऊन दिली, मग प्रत्येक महिन्याला. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, तुमच्या डिपॉझिटमधून कापून घेते ना उरलेलं, कशाला ओढाताण?" तीस हजार डिपॉझिट त्यांच्याकडे होते. मी नको म्हटले. ते पैसे घर सोडल्यावर पुढच्या घराला लागणार होते. खरे सांगायचे तर हे एक कारण. दुसरे कारण अभिमान, ते लपवत नाही. एक भाडेकरू म्हणून हेही माहीत असू द्या की बिल थकले म्हणून घरमालकाने स्वतः पाणी किंवा वीज तोडायची नसते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे कायद्यात तशी मनाई आहे. काकूंच्या मनातही ते आले नसते, पण सगळीकडे काकू नसतात.

नादारीचा अर्ज तयार झाला, ह्यांची सहीही झाली. शेवटी तो दाखल करावा लागला नाही. यादी घेऊन हे एकेका देणेकऱ्याकडे गेले, मी बरोबर. बहुतेकांना आपल्याशिवाय आणखी किती जण आहेत हे पहिल्यांदाच कळत होते. दुकानाची पागडी परत आली ती सगळ्यांना सारख्या टक्क्याने वाटली. माझ्या भावालाही तेवढेच. तो सहा महिने बोलला नाही, नंतर बोलला. काहींनी उरलेले सोडले, काहींचे मुलगा अजून फेडतो आहे. सवालाचे अकरा हजार बस्तीच्या पंचांनी "सवडीने द्या" म्हटले होते, ते २०२३ मध्ये पूर्ण झाले. माझे उद्यापन अजून व्हायचे आहे.

तर त्या मुलीला मी फोनवर काय सांगितले? आधी त्या घरात आज जळणारा दिवा, गॅस आणि भाडे, म्हटले. मीटर कोणाच्या नावावर आहे ते बघ. मालकांच्या नावावर असेल तर त्यांना तू स्वतः जाऊन सांग, नोटीस सांगायच्या आत. जुन्या बिलाचे हप्ते लेखी माग. दुकानाचे मीटर उद्याच्या उद्या बंद कर. दिरांना सध्या काही देऊ नकोस, वकिलांना विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि ते रागावले तर रागावू देत. ती म्हणाली, "मावशी, सासूबाईंना कसं सांगू?" त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. यादी आधी कर, एवढेच म्हणाले.

आम्ही काकूंचे घर मे २०२२ मध्ये सोडले आणि मुलाच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. सोडायच्या दिवशी काकूंना बरोबर घेऊन मीटरचे शेवटचे रीडिंग घेतले. त्या खालच्या पायरीवर उभ्या होत्या, मी वरून आकडे ओरडून सांगितले आणि त्यांनी कॅलेंडरवर लिहिले. शेवटचे बिल आल्यावर भरून पावती पोचवली. डिपॉझिट त्यांनी पूर्ण दिले.

मागच्या वर्षी काकू गेल्या. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाचा बंगळुरूहून फोन आला. वरच्या मजल्याचे मीटर स्वतःच्या नावावर करायचे होते, आणि जुन्या थकबाकीबद्दल कोणीतरी विचारले होते. संकोचत म्हणाला, "काकी, तुमच्याकडे त्या वेळच्या पावत्या असतील का हो?" होत्या. तारेतून काढून मी त्या तारखेप्रमाणे एका पाकिटात ठेवल्या होत्या. कुरियर करण्याआधी पुन्हा मोजल्या. त्यांत फेब्रुवारी २०२१ ची ती नोटीसही होती, काकूंच्या बोटांच्या घामाने एका कोपऱ्यात चुरगळलेली. ती मी बाहेर काढली. थोडा वेळ हातात धरली आणि परत पावत्यांच्या खाली ठेवून पाकीट चिकटवले.